कागद कोणाचे? रोमा-सिंतींच्या बाजूने लिहिलेल्या गद्याविषयी

१

गेली एकतीस वर्षे मी आमच्या तालुक्याच्या तहसील कचेरीबाहेर बसून अर्ज लिहितो. रेशनकार्डातील नावाची दुरुस्ती, वारसनोंद, रहिवासी दाखला, जातीचा दाखला. अर्जात ‘मी’ लिहितो तो माझा ‘मी’ नसतो. खाली अंगठा दुसऱ्याचा असतो. हा धंदा करताना वाचनाचा नाद लागला, आणि वाचता वाचता रोमा आणि सिंती या युरोपातील समाजांविषयी हाती पडेल ते गोळा करू लागलो. विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन शिकलो, जर्मन आणि पोलिश पुस्तके इंग्रजीतूनच वाचली. ही मर्यादा आधीच सांगून टाकतो.

विषय माझा कसा झाला, तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे एक म्हातारबाबा नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे आले. भटक्या-विमुक्तांसाठी आपल्याकडे २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात कुठे राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे राहणेच फिरण्यात होते, त्यांनी राहण्याचा पुरावा आणायचा. बाबा तासभर बोलले. कुठल्या गावच्या मारुतीच्या देवळामागे पालं पडत, कुठला पाटील दाणे घाली, आई कुठल्या ओढ्याकाठी गेली. मी ते ऐकले आणि अर्जात तीन ओळी लिहिल्या : ‘अर्जदाराचे पूर्वज परंपरेने भिक्षुक असून त्यांचे वास्तव्य याच जिल्ह्यात होते. तरी कृपया दाखला मिळावा, ही विनंती.’ वाचून दाखवले. बाबा जरा थांबले आणि म्हणाले, “ह्यात मी कुठं हाय?”

त्याच महिन्यात मी युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेचे अहवाल वाचत होतो. या संघटनेची मानवी हक्कांची कचेरी वॉर्सात आहे आणि तिथे रोमा-सिंतींच्या प्रश्नांसाठी खास अधिकारी नेमलेले असतात. तो अधिकारी वस्तीवर जातो, माणसांना विचारतो, टिपणे काढतो, सरकारी माणसांना भेटतो आणि मसुदा लिहितो. मला वाटले, हा तर माझाच धंदा. टेबल मोठे, एवढाच फरक. मग बाबांचा प्रश्न घेऊन मी ते सगळे गद्य पुन्हा वाचायला बसलो. दुसऱ्याच्या बाजूने लिहिताना त्या दुसऱ्याचे काय होते, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

२

मराठीत रोमा आले ते ‘हरवलेले भाऊ’ म्हणून. हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, गात-नाचत युरोपात पोचले, त्यांच्या निळ्या-हिरव्या झेंड्यावर आपले चक्र आहे, अशा धाटणीचे लेख आपण सर्वांनी वाचलेले आहेत. यातले काही खोटे नाही. १९७१ च्या एप्रिलमध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली आणि तिथे झेंडा स्वीकारला गेला. भारतातर्फे या कामात वीर राजेंद्र ऋषी यांनी आयुष्य घातले, चंदीगडला रोमानी अभ्यासाची संस्था काढली.

भाषेचे नाते तर कानाला लगेच कळते. रोमानीत पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मनुश’, नाकाला ‘नख’, काळ्याला ‘कालो’, गावाला ‘गाव’ म्हणतात. द्राक्षाला ‘द्राख’. आणि सूर्याला म्हणतात ‘खाम’. हा शब्द संस्कृत ‘घर्म’वरून आला, ज्यापासून आपला ‘घाम’ आला. एकाच शब्दाचा आपल्याकडे घाम झाला, त्यांच्याकडे सूर्य. मराठी भाषेची जडणघडण १९२० च्या ग्रंथात उलगडून दाखवणारे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांनीच पुढे १९५३ मध्ये युरोपातील या भटक्यांवर छोटे पुस्तक लिहिले. मराठीच्या अभ्यासकाला हा योगायोग ठाऊक असावा.

तरीही ही भाऊबंदकी मला पुरत नाही. शब्दांचे नाते सांगणारा लेख वाचून आपण सुखावतो आणि गावाबाहेर पाल दिसले की दाराला कडी घालतो. नाते शोधायचेच तर अफवेत शोधावे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रीसमधल्या फार्साला गावाजवळच्या रोमा वस्तीत पोलिसांना सोनेरी केसांची एक लहान मुलगी दिसली. ‘पळवून आणली’ असे सगळ्या जगाने ठरवले. शेवटी तिचे जन्मदाते बल्गेरियातले रोमाच निघाले. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये दोन रोमा कुटुंबांतील गोरी मुले पोलिसांनी उचलली आणि रक्ताची तपासणी झाल्यावर आईबापांकडे परत पोचवली. २०१९ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या उपनगरांत पांढऱ्या गाडीतून मुले पळवतात अशी अफवा उठली आणि जमाव रोमांवर तुटून पडला. आणि त्याच्या आदल्या वर्षी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांतले काही आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले होते. पाण्याला पानी म्हणतात हे नाते हजार वर्षांपूर्वीचे आहे. हे दुसरे नाते आजचे आहे, म्हणून ते मला महत्त्वाचे वाटते.

३

अधिकाऱ्याच्या अहवालाआधी या समाजांवर पुष्कळ लिहिले गेले होते. ते लिहिणारे हात पोलिसांचे होते. १८९९ मध्ये म्युनिक पोलिसांनी ‘जिप्सीं’ची माहिती गोळा करणारी खास कचेरी उघडली. तिचा प्रमुख आल्फ्रेड डिलमान याने १९०५ मध्ये एक पुस्तक छापले. त्यात तीन हजारांहून अधिक माणसांची नोंद होती. नाव, वर्णन, नातेवाईक, कुठे दिसला. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केले. नोंदवही, हजेरी, परवान्याशिवाय हलायचे नाही. गुन्हा करण्याआधीच जन्माने गुन्हेगार ठरवण्याची ही लेखनपद्धती दोन्हीकडे जवळपास एकाच पिढीत पक्की झाली.

नाझी काळात या नोंदींना विज्ञानाचा अंगरखा चढला. रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली बर्लिनमध्ये १९३६ मध्ये संशोधनकेंद्र निघाले. त्याची माणसे वस्त्या-वस्त्यांवर फिरून वंशावळी लिहीत, चेहरे मोजत, रक्त काढत. जवळजवळ चोवीस हजार माणसांवर त्यांनी ‘तज्ज्ञाचे मत’ लिहिले. कोण शुद्ध, कोण मिश्र. याच मतांच्या आधारे पुढे माणसे छावण्यांत गेली. एकूण बळींचे अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात.

या केंद्रातल्या एफा युस्टिन या बाईंकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. त्यांना रोमानी बोलता येत असे. लाल केसांवरून सिंती लोक त्यांना ‘लोली चाय’, म्हणजे लाल पोरगी, म्हणत. माणसे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत, नातीगोती सांगत. आईबापांपासून तोडलेल्या सिंती मुलांवर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. ही मुले दक्षिण जर्मनीतील मुलफिंगेनच्या अनाथालयात ठेवली होती. प्रबंध झाला, पदवी मिळाली आणि ९ मे १९४४ ला ३९ मुलांना आउशवित्सला पाठवले. चार वाचली.

आपल्याकडे संशोधनाची दीक्षा देताना दोन गोष्टी सांगतात : लोकांची भाषा शिका, त्यांचा विश्वास मिळवा. युस्टिनबाईंकडे या दोन्ही होत्या. म्हणून केवळ भाषा येते आणि लोक आपल्यापाशी बोलतात, याने लेखन चांगले ठरत नाही. ज्याच्याविषयी लिहिले तो कागद पुढे कुणाच्या टेबलावर जाणार, हा प्रश्न सुटत नाही. माझ्या वाचनात तो इथून पुढे प्रत्येक पुस्तकाला विचारावा लागला.

४

युद्ध संपले आणि वाचलेले लोक अर्ज करू लागले. नुकसानभरपाईचे अर्ज. इथे माझी धंद्याची नजर आपोआप जाते. मे १९४० मध्ये सुमारे अडीच हजार सिंती-रोमांना व्याप्त पोलंडमध्ये हाकलले होते. त्यासाठीची भरपाई मागणाऱ्यांना पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ७ जानेवारी १९५६ ला उत्तर दिले, की ही कारवाई वंशद्वेषातून झालेली नसून सुरक्षेसाठी होती. निकालपत्रात या लोकांच्या स्वभावाविषयी जे लिहिले होते, ते जुन्या पोलिसी नोंदवहीतलेच होते. न्यायालयाने आपली भूमिका १९६३ मध्ये बदलली. त्या निकालाची लाज वाटते असे न्यायालयाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हणायला मात्र सुमारे साठ वर्षे लागली. रिटर आणि युस्टिन दोघांनाही युद्धानंतर फ्रँकफुर्टच्या आरोग्य खात्यात नोकऱ्या मिळाल्या होत्या.

म्हणजे अर्जदार खरे बोलत होता आणि दप्तर खोटे बोलत होते, पण पुरावा म्हणून मान दप्तराला होता. एकतीस वर्षे मी हे रोज पाहतो.

सिंतींच्या चळवळीचा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त शिकवले ते या चळवळीने कागदांवर धरलेल्या हट्टाने. एप्रिल १९८० मध्ये, गुड फ्रायडेला, काही सिंती दाखाउच्या जुन्या छळछावणीच्या जागी उपोषणाला बसले. त्यांत छळछावणीतून वाचलेलेही होते. त्यांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की बव्हेरियाच्या पोलिसांनी पुढे चालवलेल्या नोंदी कुठे आहेत ते सांगा. पुढच्या वर्षी, १९८१ च्या सप्टेंबरमध्ये, सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठाच्या दप्तरखान्यात ठाण मांडले. रिटरच्या केंद्रातले कागद तिथे होते आणि त्या केंद्राशी पूर्वी संबंध असलेल्या सोफी एऱ्हार्ट या मानवशास्त्रज्ञ बाई ते वापरत होत्या. ज्यांच्या आजी-आजोबांची डोकी मोजली होती, त्यांनी ते कागद उठवून कोब्लेन्झच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचवायला भाग पाडले. १७ मार्च १९८२ ला चान्सेलर हेल्मुट श्मिट यांनी सिंती-रोमांचा वंशसंहार झाला हे सरकारतर्फे मान्य केले.

भाकरी मागावी, घर मागावे, पण कागद कशाला मागावेत, असे कुणाला वाटेल. ज्याच्यावर लिहिले गेले त्याला ते का हवेत, हे फक्त तोच जाणतो.

५

आता अधिकाऱ्याकडे येतो. १९९० च्या कोपनहेगन दस्तऐवजात युरोपच्या राष्ट्रांनी रोमांच्या वेगळ्या अडचणींचा पहिल्यांदा उल्लेख केला. १९९४ च्या बुडापेस्ट शिखर परिषदेत रोमा-सिंतींसाठी संपर्ककेंद्र काढायचे ठरले आणि ते वॉर्साच्या कचेरीत आले. डिसेंबर २००३ मध्ये मास्ट्रिख्ट येथे कृती आराखडा मंजूर झाला. त्याचे सूत्र ‘रोमांसाठी, रोमांसह’ असे होते.

गद्य म्हणून हा आराखडा वाचला, तर पहिला अनुभव कंटाळ्याचा येतो. राष्ट्रांनी विचार करावा, प्रोत्साहन द्यावे, सहभाग वाढवावा. कर्ता नेहमी राज्य. रोमा वाक्यात येतो तो ‘ला’, ‘साठी’, ‘मध्ये’ लागूनच. त्याच्यावर अन्याय होतो, त्याच्यासाठी योजना होते, त्याच्यामध्ये जागृती होते. तो स्वतः काही करत नाही. माझ्या तीन ओळींचा अर्ज आणि हा आराखडा यांचे व्याकरण एकच आहे. ‘पूर्वज परंपरेने भिक्षुक असून.’

पण या गद्याची फक्त थट्टा करून मोकळे होणे अन्याय्य होईल, कारण याच कोरडेपणाने काही ठिकाणी मोठे काम केले आहे. दोन उदाहरणे देतो.

हंगेरीत २००८-०९ मध्ये रोमांवर हल्ल्यांची मालिका झाली आणि सहा जणांचे खून झाले. २३ फेब्रुवारी २००९ ला तातारसेंटग्यॉर्ग्य गावात एका घराला आग लावली आणि जळत्या घरातून पळणाऱ्या बापाला आणि त्याच्या लहान मुलाला गोळ्या घातल्या. पोलिसांनी आधी विजेच्या बिघाडाने आग लागली असे म्हटले. मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संघटना तिथे पोचल्या. घरच्यांनी काय पाहिले, जखमा कशाच्या होत्या, कोण किती उशिरा आले, हे त्यांनी मांडले. वॉर्साच्या कचेरीचे पथकही त्या उन्हाळ्यात हंगेरीत गेले. २०१३ मध्ये तिघांना जन्मठेप आणि चौथ्याला तेरा वर्षांची शिक्षा झाली. ‘वीज’ या एका शब्दाच्या जागी ‘गोळी’ हा शब्द आणणे, एवढेच त्या लिहिण्याचे काम होते. इथे एखादा हळवा लेख काही कामाचा नव्हता.

दुसरे उदाहरण चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्राव्हा शहराचे. तिथल्या रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांच्या खास शाळांत टाकत. बुडापेस्टच्या युरोपीय रोमा हक्क केंद्राच्या मदतीने अठरा मुलांनी दावा लावला. शाळाशाळांतून आकडे गोळा केले, तेव्हा दिसले, की रोमा मूल खास शाळेत जाण्याची शक्यता बिगर-रोमा मुलाच्या सत्तावीस पट आहे. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ते २००६ मध्ये हरले. मोठ्या पीठापुढे १३ नोव्हेंबर २००७ ला तेरा विरुद्ध चार मतांनी जिंकले. एकाही शिक्षकाने ‘मी भेदभाव करतो’ असे म्हटले नव्हते, तरी आकड्यांवरून भेदभाव सिद्ध होऊ शकतो, हे या निकालाने मान्य केले. निकालाचे नाव ‘डी. एच. आणि इतर’. अठरा मुलांची दोन अक्षरे आणि एक ‘इतर’. पण इथे नाव गाळणे म्हणजे माणूस पुसणे नव्हते, मुलांना ते कवच होते. डिलमानच्या पुस्तकात सगळी नावे पूर्ण होती.

म्हणून ‘माणूस दिसत नाही’ हा आक्षेप सरसकट घेता येत नाही. कधी माणूस न दिसणे हेच त्याच्या हिताचे असते. ते ठरवायचे कुणी, एवढाच प्रश्न उरतो.

६

हा प्रश्न सर्वांत जवळून ज्याने भोगला, त्याचे नाव निकोलाय गेऑर्गे. रुमानियातला रोमा, १९४६ चा जन्म, समाजशास्त्रज्ञ. वॉर्साच्या कचेरीत १९९९ पासून तो रोमांच्या प्रश्नांचा वरिष्ठ सल्लागार होता. म्हणजे ज्याच्याविषयी लिहायचे तोच लिहिणारा झाला. ‘रोमांसाठी, रोमांसह’ हे सूत्र कागदावर येण्यात त्याचा मोठा वाटा होता. तरीही आयुष्याच्या शेवटी त्याने जे लिहिले, त्यात समाधान फारसे नाही. कोणती निवड करायची आणि तिची कोणती किंमत मोजायची, अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्याचा दीर्घ निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी तो वारला. ज्या पुस्तकात हा निबंध आहे, त्याच्या नावाचा आशय बळीपणाकडून नागरिकत्वाकडे असा आहे.

त्यात प्रकल्पांच्या पैशावर वाढलेल्या चळवळीविषयी अस्वस्थता आहे. समाजातली लहान वयातली लग्ने, मुलांना भीक मागायला लावणे यांविषयी आपल्याच कार्यकर्त्यांनी गप्प बसावे का, हा विचार आहे. आपली बदनामी होईल म्हणून हे अहवालातून वगळले, तर आपण आपल्याच मुलींना वगळतो. लिहिले, तर शत्रूच्या हाती कोलीत देतो. या दोन्ही बाजू एकाच माणसाने एकाच निबंधात धरून ठेवल्या आहेत. अहवालाच्या भाषेत ही ओढाताण मावत नाही, तिथे शेवटी शिफारस द्यावीच लागते. म्हणून मी गेऑर्गेचा निबंध त्याच्या कचेरीच्या सगळ्या कागदांपेक्षा वरचा मानतो. अधिकाऱ्याचे काम किती अवघड आहे हे त्यात दिसते, आणि त्या अडचणीतून सुटका करून घेण्याचा आव त्यात नाही.

याच्या उलट टोकाला पोलंडची पापुशा आहे. ब्रोनिस्वावा वाइस हे तिचे कागदोपत्री नाव. तांड्यात वाढलेली आणि खटपट करून अक्षरे शिकलेली ही बाई रोमानीत गाणी रचत असे. युद्धानंतर येझी फित्सोव्स्की हा तरुण पोलिश कवी तांड्यात येऊन राहिला. त्याने तिची गाणी लिहून मागितली, त्यांचे पोलिश भाषांतर करून छापली. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याचे तिच्यावर आणि तिच्या लोकांवर प्रेम होते. पण त्याच सुमारास पोलिश सरकार तांड्यांची चाके थांबवून त्यांना सक्तीने घरांत बसवू पाहत होते आणि फित्सोव्स्कीचे लेखन त्या मोहिमेच्या बाजूने उभे राहिले. १९५३ मध्ये रोमांवरचे त्याचे पुस्तक येणार होते. पापुशाने ते थांबवण्यासाठी धावाधाव केली. ते थांबले नाही. आमची गुपिते परक्याला दिली म्हणून जमातीने तिला वाळीत टाकले. मनाच्या आजाराने ती इस्पितळात गेली आणि मग वर्षानुवर्षे गप्प राहिली. १९८७ मध्ये ती वारली.

साहित्याचा इतिहास फित्सोव्स्कीचे आभार मानतो, कारण तो नसता तर ती गाणी उरली नसती. मीही ती त्याच्यामुळेच वाचली. पण मनात हिशेब जमत नाही. तिने ‘थांबव’ म्हटल्यावरही ते छापले गेले, ही नोंद मला त्या भाषांतराच्या सौंदर्याखाली दाबता येत नाही.

७

तिसरी वाट ऑस्ट्रियाच्या चाया स्टोयका यांची. जन्म १९३३ चा. लहानपणी आउशवित्स, राव्हेन्सब्रुक आणि बेर्गेन-बेल्झेन अशा तीन छावण्यांतून वाचल्या. पुढे गालिचे विकून संसार केला. शाळा फारशी झाली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर त्या स्वयंपाकघरात बसून लिहू लागल्या आणि १९८८ मध्ये कारिन बेर्गर यांच्या संपादनाने त्यांचे पुस्तक आले. आम्ही लपून जगतो, अशा अर्थाचे त्याचे नाव. त्या चित्रेही काढत आणि सहीपाशी झाडाची फांदी रेखाटत, कारण बेर्गेन-बेल्झेनमध्ये एका झाडाने त्यांना जगवले होते.

या लेखनात अहवालातले काही नाही. आकडे नाहीत, शिफारस नाही. थंडी कुठून लागे, वाऱ्याला आडोसा कसा मिळे, खायला काय सापडे, हे मुलाच्या उंचीवरून पाहिलेले आहे. आई सतत जवळ आहे. इथे ‘मी’ लिहिणारा हात आणि तो जगलेला जीव एकच आहे. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात आहे.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये संपल्यावर तीस-पस्तीस वर्षांत आपल्या भाषेत भटक्या-विमुक्तांनी स्वतःचा ‘मी’ लिहिला आणि साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. या बाबतीत मराठी बऱ्याच युरोपीय भाषांच्या पुढे होती, असे मी जबाबदारीने म्हणतो. पण युरोपाकडे जे आहे ते आपल्याकडे नाही. २००८ मध्ये रेणके आयोगाचा अहवाल आला, पुढे इदाते आयोगाचाही. त्यांतले किती अमलात आले, हे पालावरच्या माणसाला विचारावे. आणि नोंदवह्या, सेटलमेंटची दप्तरे परत मागायला दप्तरखान्यात ठाण मांडणारे आपल्याकडे कुणी ऐकिवात नाही. आपण आत्मकथनाला पुरस्कार दिला आणि कागद होते तिथेच ठेवले.

मला वाटते, अहवाल आणि आत्मकथन यांत श्रेष्ठ कोण हा वाद निरर्थक आहे. दाव्याला आकडा लागतो, मयताला तारीख लागते, जगलेल्याला ‘मी’ लागतो. लिहिणारा कोणत्याही जातीचा, कोणत्याही हुद्द्याचा असो, कसोटी दोनच : ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचून दाखवले का, आणि तो ‘हे काढा’ म्हणाला तर काढले का? युस्टिनबाई पहिल्याच कसोटीवर पडतात. फित्सोव्स्की दुसरीवर.

८

ही कसोटी लिहून झाल्यावर मला स्वतःकडे पाहणे भाग होते.

माझ्याकडे वीस-बावीस वह्या आहेत. अर्जासाठी आलेल्या माणसांनी सांगितलेले, अर्जात न मावलेले, मी रात्री घरी उतरवून ठेवले आहे. गावांची नावे, नाती, भांडणे, कुणाची बाई कुणाकडे गेली, कोण कुठल्या खटल्यात सापडला. पुढेमागे पुस्तक करावे, हा विचार होता. एकालाही विचारले नव्हते. गरिबांच्या बाजूचा माणूस म्हणून मला तालुक्यात मान आहे, त्यामुळे विचारायचे असते हेही सुचले नाही.

बाबांचा पहिला अर्ज पुराव्याअभावी परत आला. दुसऱ्या वेळी मी तीन ओळींच्या अर्जाला जोडून चार पानांचे निवेदन लिहिले. बाबांच्या फिरतीचा क्रम, गावे, देवळे, ओढे, कुठल्या साली कुठे. त्यातल्या एका गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात बाबांच्या थोरल्या चुलतभावाचे नाव निघाले. सहा महिनेच शाळेत गेला होता, पण जात लिहिलेली होती आणि साल १९६१ च्या आधीचे होते. दाखला झाला. तोवर नातवाचे प्रवेशाचे वर्ष बुडाले होते. पहिल्याच वेळी मी नीट ऐकून लिहिले असते, तर कदाचित बुडाले नसते. ते माझ्या खात्यावर आहे.

दाखला घ्यायला आले तेव्हा त्या चार पानांकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, “ह्याची येक नक्कल मला द्या. नातवंडांस्नी वाचाय हुईल.” मी झेरॉक्स काढून दिली. मग धीर करून वहीचेही सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “या की पालावर. वाचून दावा, मग बघू.”

मी गेलो. दोन संध्याकाळी वाचले. बायका पालाच्या तोंडाशी बसून ऐकत होत्या. काही ठिकाणी हसल्या, काही ठिकाणी मला दुरुस्त केले, ओढ्याचे नाव मी चुकीचे लिहिले होते. एका प्रसंगाशी आल्यावर बाबांच्या सुनेने पदर तोंडाला लावला आणि बाबा म्हणाले, “त्येवढं काढा.” एकंदर अकरा पाने होती. माझ्या वहीतली ती सर्वांत चांगली पाने होती, हे कबूल करतो. या लेखात ती घालायची होती.

ती मी तिथेच फाडून त्यांच्या हाती दिली. उरलेल्या एकोणीस वह्यांतील माणसे तीन जिल्ह्यांत पांगलेली आहेत. दिवाळीनंतर पालं पुन्हा हलायच्या आत जेवढी गाठता येतील तेवढी गाठायची आहेत.